चार शब्दांची आठवण

आफ्रिका खंडाच्या पश्चिम टोकाला, अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यावर, सेनेगाल हा देश वसलेला आहे. तेथील बहुसंख्य लोक मुसलमान असून रमजानचे उपवास ते श्रद्धेने पाळतात. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही, असे हे कडक व्रत होय.

निरोगी माणसास ते झेपते. मधुमेहाच्या रोग्यास मात्र त्यात दुहेरी धोका असतो. औषध घेऊन दिवसभर उपाशी राहिल्यास त्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरते व प्रसंगी तो बेशुद्धही पडतो. उलट, सायंकाळी खजूर, सरबते व मिष्टान्ने यांवर ताव मारल्यास ती भलतीच चढते. धर्माने आजाऱ्यास उपवासातून सूट दिलेली आहे. तथापि घरची सारी मंडळी उपाशी असता आपण जेवावयास बसावे, हे पुष्कळांच्या मनास पटत नाही. अशा वेळी जाणत्याचा सल्ला हवा. परंतु खेड्यातील रोग्याला तज्ज्ञ डॉक्टर रोज कोठून भेटणार?

डॉक्टर दूर असला, तरी मोबाइल फोन जवळ होता. हे ध्यानी घेऊन २०१४ साली सेनेगालच्या सरकारने जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या साहाय्याने रमजानच्या सुमारास एक योजना सुरू केली. नाव नोंदविणाऱ्यांच्या फोनवर लहान लहान संदेश येऊ लागले. भरपूर पाणी प्या, खजूर बेताने खा, अशा आशयाचे ते असत. त्यासाठी इंटरनेट लागत नाही; साधा फोनही पुरतो.

एवढ्याशा संदेशाने काय साधणार, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या देशात मिळाले. दक्षिण भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांची दोन वर्षे पाहणी झाली. आहार व व्यायाम यांविषयीचा उपदेश आरंभी सर्वांनाच केला होता. पुढे सुमारे निम्म्या लोकांनाच फोनवर नियमित संदेश पाठविले. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांना संदेश मिळाले नाहीत, त्यांच्यापैकी शेकडा २७ जणांना मधुमेह जडला; ज्यांना मिळाले, त्यांच्यापैकी शेकडा १८ जणांना. आरंभीचा उपदेश एकच. फरक पडला तो वारंवार दिलेल्या आठवणीने!

संदेश म्हणजे औषध नव्हे, की डॉक्टरही नव्हे. तो केवळ आठवण देतो. वागावयाचे ते माणसानेच. शिवाय तो वाचणारा हवा. ज्या आजोबांना अक्षरओळख नाही, त्यांच्या हाती आलेला संदेश मुकाच राहतो. घरातील शाळकरी नातवाने किंवा नातीने तो वाचून दाखविला, म्हणजे त्यास वाचा फुटते. आपल्या विद्येचा याहून चांगला उपयोग कोणता?

शब्दार्थ
तथापि – तरीही. आशय – अर्थ, सार. निष्कर्ष – विचारांती निघालेले अनुमान.

स्वाध्याय
१. रमजानच्या काळात मधुमेहाच्या रोग्यास कोणते दोन धोके संभवतात?
२. दक्षिण भारतातील पाहणीतून काय सिद्ध झाले?
३. वाक्यांत उपयोग करा : ताव मारणे, ध्यानी घेणे, वाचा फुटणे.
४. घरातील वडीलधाऱ्यांस औषधाची आठवण देणारा चार ओळींचा संदेश लिहा.