रॅम वाढवून विंडोज ११ चालेल का?

प्रश्न : माझा २०१३चा संगणक विंडोज ७वर चालतो. विंडोज ११ टाकायला गेलो, तर नकार येतो. रॅम वाढवू का?

उत्तर : रॅमवर खर्च करू नका. विंडोज ११ला ४ जीबी रॅम पुरते. तुमचं घोडं अडलंय ते प्रोसेसर आणि टीपीएम २.० या सुरक्षा-चिपपाशी. इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, तुमचा त्याहून बराच जुना. ही तपासणी चुकवायच्या युक्त्या आहेत, पण पुढच्या अपडेटची हमी नाही. विंडोज १० टाकावं म्हटलं, तर त्याचा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

मी तरी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवीन आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट घालीन. आधी तो पेन ड्राइव्हवरून नुसता चालवून वाय-फाय, आवाज, प्रिंटर तपासा. प्रिंटरच बहुधा रुसतो!

फायलींची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घ्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मराठी मजकूर असेल, तर विंडोज ७ चालू असतानाच त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर करा. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तो मजकूर निव्वळ रोमन अक्षरांचा गिचमिडकाला दिसतो.