चाहूल : एका जपानी अल्बमचा अभ्यास



गाण्यांच्या अल्बमच्या वेष्टणावर गायकाच्या नावाखाली बारीक अक्षरांत आणखी बरीच नावे छापलेली असतात. त्यांत एक नाव निर्मात्याचे असते. चित्रपटाचा निर्माता म्हटले की पैसा लावणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. संगीतात त्याचे काम निराळे आहे. गाण्याची लय किती असावी, कोणते वाद्य घ्यावे, कोणते वगळावे, दहा वेळा गायलेल्या ओळीपैकी कोणती ठेवावी, हे शेवटी तो ठरवतो. गायक स्वतःच निर्माता झाला तर गाणे फसल्यावर बोट दाखवायला दुसरे कोणी उरत नाही. आज आपण अशाच एका अल्बमचा परिचय करून घेऊ.

जपानमधील हिकारू उतादा यांचा जन्म 1983 साली न्यूयॉर्क येथे झाला. बालपण न्यूयॉर्क आणि तोक्यो या दोन शहरांत गेले. वडील संगीत निर्माते, तर आई केइको फुजी या 'एन्का' गाणाऱ्या नामवंत गायिका होत्या. एन्का म्हणजे विरह, गाव आणि आठवणी यांची जपानी गाणी. केइको यांचे आईवडील 'रोक्योकु' या कथागायनाचे कलावंत होते. शमिसेन या तीन तारांच्या वाद्याच्या साथीने, गात आणि बोलत कथा सांगण्याचा हा प्रकार आपल्या कीर्तनातील आख्यानाची आठवण करून देतो. म्हणजे गाणे हे या घराण्यात तीन पिढ्यांचे आहे.

उतादा यांचे पहिले जपानी गाणे डिसेंबर 1998 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी आले. 1999 सालच्या 'फर्स्ट लव्ह' या अल्बमच्या जपानमध्ये 76 लाखांहून अधिक प्रती खपल्या. इंग्रजीवर त्यांचे प्रभुत्व इतके, की 2004 आणि 2009 साली त्यांनी दोन अल्बम इंग्रजीत केले. त्यांच्या जपानी गाण्यांतही इंग्रजी वाक्ये सहज येत. मग 2010 साली, यशाच्या शिखरावर असताना, त्यांनी काम थांबवण्याचे जाहीर केले. कारण काय सांगितले? आता काही काळ 'माणूस म्हणून जगण्याचे काम' करायचे आहे!

ऑगस्ट 2013 मध्ये आई गेली. त्यानंतर तीन वर्षांनी, 28 सप्टेंबर 2016 रोजी 'फान्तोम' हा अल्बम प्रसिद्ध झाला. जपानी गाण्यांचा त्यांचा हा आठ वर्षांनंतरचा पहिला अल्बम. त्यांनी तो आईला अर्पण केला. निर्मितीची सूत्रे त्यांनी स्वतःच्या हाती ठेवली. शब्द आणि चालीही बहुतांशी त्यांच्याच आहेत.

नाव फ्रेंच आहे, पण त्यामागची कल्पना 'केहाई' या जपानी शब्दाची. केहाई म्हणजे कोणी दिसत नाही, तरी जवळपास असल्याचे जाणवते. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : चाहूल. भूत नव्हे, आठवणही नव्हे; चाहूल.

यात 11 गाणी आहेत. 'हानाताबा ओ किमि नि', म्हणजे 'तुला पुष्पगुच्छ', हे गाणे 2016 साली जपानच्या सार्वजनिक वाहिनीवरील सकाळच्या मालिकेचे शीर्षकगीत होते. सकाळच्या गडबडीत घरोघरी ऐकले गेलेले हे प्रसन्न चालीचे गाणे मुळात दिवंगत आईसाठी लिहिलेले आहे. दुःख सांगायला दरवेळी रडका सूर लागत नाही, हे येथे शिकण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट. स्वतः करणे म्हणजे एकट्याने करणे नव्हे. एका गाण्यात शीइना रिंगो या गायिकेचा आवाज सोबतीला आहे. शेवटचे गाणे, जे मुळात 2012 सालचे आहे, त्याची चाल पॉल कार्टर यांच्यासह बांधली आहे. मदत घेतली, पण काय सांगायचे हा निर्णय दुसऱ्यावर सोपवला नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इंग्रजीत दोन अल्बम करणाऱ्या व्यक्तीने आईसाठी केलेली ही गाणी जवळजवळ सर्वस्वी जपानीत आहेत. निर्माता म्हणून घेतलेल्या सगळ्या निर्णयांत मला हाच मोठा वाटतो.

याचे कारण थोडे व्यक्तिगत आहे. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. आईच्या तेराव्यानंतर तिच्याविषयी चार ओळी लिहाव्यात म्हणून बसलो. हिंदीत मजकूर सुबक उतरला, पण त्यात आई दिसेना. "जेवलास का रे?" हे तिचे रोजचे वाक्य हिंदीत लिहिताच दुसऱ्याच कोणाची तरी आई बोलते आहे असे वाटू लागले. दोष हिंदीचा नाही. त्या भाषेनेच मला विद्या आणि नोकरी दिली. शेवटी कागद फाडून मराठीत लिहिले. शुद्धलेखनाच्या चुका झाल्या, पण आई सापडली.

पालकांना आणि विश्वस्तांना माझे एवढेच सांगणे आहे. मराठी शिकून मुलांना नोकरी मिळेल का, हा प्रश्न सभांमधून नेहमी विचारला जातो. तो रास्तच आहे. पण आयुष्यात एखादा दिवस असा येतो, की नोकरीची भाषा पुरत नाही. त्या दिवसासाठी घरची भाषा आधीच शिकून ठेवावी लागते. ती ऐनवेळी उसनी मिळत नाही.

स्वाध्याय : घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीविषयी मराठीत दहा ओळी लिहा. ती व्यक्ती नेहमी बोलते ते एक वाक्य त्यात जसेच्या तसे घाला. अडलेला शब्द आजीला किंवा आजोबांना जरूर विचारा, पण ओळी तुमच्याच असू द्या. पालकांनी वही तपासू नये; चुका आम्ही पाहून घेऊ.