गप्प बसणारा ‘ई’ : चार अक्षरी इंग्रजी शब्द

मूल ‘काइट’चं स्पेलिंग ‘के-आय-टी’ लिहितं आणि आपण लगेच फुली मारतो. पण त्याने ऐकलं तसंच लिहिलं, मराठीत तसंच तर चालतं!

फुलीऐवजी हा खेळ घ्या. फळ्यावर तीन अक्षरी शब्द लिहा: कॅप, किट, हॉप, कब. प्रत्येकाच्या शेवटी ‘ई’ जोडायला सांगा. आता वाचा: केप, काइट, होप, क्यूब. ‘ई’ स्वतः गप्प राहतो, पण मधल्या स्वराला स्वतःचं नाव बोलायला लावतो: ए, आय, ओ, यू.

‘हॅव्ह’, ‘गिव्ह’ मात्र अपवाद. इंग्रजी शब्द सहसा ‘व्ही’वर संपत नाहीत, म्हणून तिथे ‘ई’ येतो. असे शब्द वेगळ्या यादीत लिहून घ्या. चूक कुठून झाली हे कळलं, की मूल स्पेलिंगला घाबरत नाही.