अर्ज बाद होईल का?

प्रश्न : मी समलिंगी आहे; घरी फक्त बहिणीला माहीत आहे. ग्रामपंचायतीला उभं राहायचंय. मित्र म्हणतो, भादलीत तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज बाद झाला होता, तुझाही होईल. खरंय का?
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : नाही. मित्राने अर्धीच गोष्ट सांगितली. भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरचा अर्ज बाद झाला खरा. पण जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना तिथूनच लढू दिलं, आणि त्या निवडूनही आल्या. तो वाद लिंगओळखीचा होता. तुम्ही पुरुष म्हणूनच अर्ज भरणार. कुणावर प्रेम करता हे त्यात कुणी विचारत नाही. सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हाही नाहीत. निश्चिंत राहा.

अर्ज अडतो तो वेगळ्याच कारणांनी. वय २१ पूर्ण हवं. घरपट्टी-पाणीपट्टी आधी भरून पावती जपून ठेवा. सरकारी जागेवर अतिक्रमण नको. राखीव जागा असेल तर जात पडताळणीचे कागद आजच बघा.

गावात सांगायचं की नाही, हे तुम्हीच ठरवा, घाई नको. मात्र ‘सगळ्यांना सांगू’ म्हणत कुणी पैसे मागितले, तर ती खंडणी आहे. मेसेज पुसू नका, पोलिसांत तक्रार द्या.