अंगणातली माथेरानची गाडी

१९०७ सालची नेरळ-माथेरान रेल्वे २ फुटी गेजची. मॉडेलसाठी फुटाला १६ मिमी धरले, की रुळांतले अंतर येते ३२ मिमी. मूळ चढ १:२०. इंजिन घसरू नये म्हणून आपण १:४० ठेवू. म्हणजे १० सेंमी चढायला ४ मीटर लांबी हवीच. १० मीटर पितळी रूळ ३० अंश तापला तर सुमारे ६ मिमी वाढतो. सांध्यांत फट सोडा, नाहीतर रूळ वाकलाच समजा.

पण खरा शत्रू पाणी! २००५ च्या अतिवृष्टीत मूळ मार्गाचेच नुकसान होऊन गाडी बंद पडली होती. तेव्हा आधी बाजूने चर खणा, मुरूम ठोका, वर खडी पसरा. रूळ सगळ्यात शेवटी. एक पावसाळा टिकला, की डिझाईन पास!