देपालपूरच्या सूनबाई फिरकी घेत नाहीत

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी अमेरिकेत, मिसिसिपी राज्यात असतो. गेल्या वर्षी आम्ही तिकडे गेलो तेव्हा त्याने विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्याला नेलं. सामना राहिला बाजूला. सकाळपासून झाडांखाली तंबू ठोकून लोकांनी जेवणावळी मांडलेल्या. ओळख ना पाळख, आम्हालाही हातात ताटली देऊन बसवलं! मी नवल करत होते, तर सून म्हणाली, ‘आई, आमच्याकडे देपालपूर तालुक्यात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी असंच असतं. फक्त चेंडूच्या जागी पेटते गोळे.’ ती माझी फिरकी घेते आहे का? आणि तिच्या माहेरचे बाफले इथे गॅसवर जमतील का?
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, सूनबाई खरं तेच सांगताहेत. इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूर तालुक्यात गौतमपुरा नावाचं गाव आहे. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई, त्यांच्या नावावरून ते वसलं, म्हणजे आपल्याला अगदीच परकं नाही. तिथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘हिंगोट युद्ध’ होतं. एका बाजूला गौतमपुऱ्याचा ‘तुर्रा’, दुसऱ्या बाजूला शेजारच्या रुणजीची ‘कलंगी’. आपल्या शाहिरी फडांत कलगीवाले शक्तीचा आणि तुरेवाले शिवाचा मोठेपणा रात्रभर भांडून मांडायचे, तीच ही जोडनावं. इथे मात्र सवालजवाब आगीने होतात.

हिंगोट म्हणजे आपलं हिंगणबेट. काटेरी झाडाचं, लिंबाएवढं, कठीण कवचाचं फळ. खेड्यापाड्यांत त्याचा गर पूर्वी कपडे धुवायला वापरत. गौतमपुऱ्यात ते दिवाळीच्या कितीतरी आधी तोडून आणतात, गर कोरून काढतात, कवच उन्हात वाळवतात आणि आत बारूद ठासतात. एक तोंड मातीने बुजवायचं, दुसऱ्या तोंडाला वात. मग बांबूची काडी बांधायची, म्हणजे गोळा भलतीकडे न भरकटता नेम धरून जातो. लढणाऱ्यांच्या डोक्याला साफा, एका हातात ढाल, खांद्याला हिंगोटांनी भरलेली झोळी, दुसऱ्या हातात वात पेटवायला धुमसतं लाकूड. देवनारायणाच्या मंदिरात दर्शन घेऊन दोन्ही दलं मैदानात समोरासमोर उभी राहतात. अंधार पडू लागला की पहिला हिंगोट सुटतो आणि पुढचा तासभर आगीच्या रेघा इकडून तिकडे जात राहतात. इथल्या पहारेकऱ्यांनी मोगल घोडेस्वारांना असंच हटवलं, त्याची ही आठवण, असं गावात सांगतात.

आता तुमच्या मिसिसिपीचं. तुम्ही पाहिलंत ते बहुधा ऑक्सफर्ड गावातलं ‘द ग्रोव्ह’ असावं. विद्यापीठाच्या आवारातली ही झाडी सामन्याच्या दिवशी तंबूंनी भरून जाते आणि काही हौशी मंडळी तंबूत झुंबरं टांगून चांदीची भांडीही मांडतात. तळलेलं कोंबडं, मसाला भरलेली उकडलेली अंडी, चीजचं लालसर चटणीसारखं सारण, सोबत बर्फ घातलेला, साखरेने ओथंबलेला चहा. मोठ्यांच्या पेल्यात बर्बन. त्या मुलखात उकडलेल्या शेंगाही आवडीने खातात. त्या दिसल्या असतील तर तुम्हाला साताऱ्यातच असल्यासारखं वाटलं असेल! पाहुण्या संघाचा माणूस तंबूपाशी आला तर त्यालाही आधी खाऊ घालायचं आणि मग चिडवायचं, ही तिथली रीत.

सूनबाईंना साम्य दिसलं ते इथेच, आणि मला वाटतं त्यांनी नेमकं ओळखलं. दिवाळीचा हा दुसरा दिवस माळव्यात ‘धोक पडवा’ म्हणून पाळतात. लहानांनी घरोघर जाऊन थोरांना धोक द्यायची, म्हणजे पाया पडायचं, आणि तोंड गोड केल्याशिवाय निघायचं नाही. आपल्याकडे पाडवा नवराबायकोच्या ओवाळणीचा. तिकडे तो अख्ख्या गावाचा. वर्षभरात कुणाशी बिनसलं असलं तरी त्या दिवशी दार लावून घेता येत नाही. एकमेकांवर आग फेकायला दोन गावांनी नेमका हाच दिवस धरला, यात मला मोठा शहाणपणा दिसतो. ज्याच्यावर नेम धरायचा तो उद्याही बाजारात भेटणार आहे, कदाचित सोयराही आहे. म्हणूनच असेल, हिंगोट युद्धात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. हिंगोट संपले की दोन्ही दलांनी गळाभेट घ्यायची आणि घरी जायचं. अमेरिकेत गुणफलक असतो, त्यामुळे तिथला हरलेला तंबू संध्याकाळी थोडा लवकर आवरतो, इतकाच काय तो फरक.

अर्थात सगळं गोडगोड नाही. दरवर्षी माणसं भाजतात आणि २०१७ साली एका तरुणाचा जीवही गेला. बंदीची मागणी झाली आहे. प्रेक्षकांसाठी जाळ्या, रुग्णवाहिका, अग्निशमन दल असा बंदोबस्त असतो, पण भरकटलेला हिंगोट जाळी बघून थांबत नाही. सूनबाई नेतील तर जरूर जा. मात्र मैदानाजवळ नको. लांबच्या एखाद्या गच्चीवर उभ्या राहा, सुती कपडे घाला आणि नातवंडांना घरीच ठेवा. परंपरा आहे म्हणून डोळे मिटून कौतुक करावं, असं मला वाटत नाही.

राहता राहिले बाफले. माळव्यात पाहुणा म्हटला की दाल-बाफला, आणि त्याला कारण आहे. सणाला किती माणसं येतील याचा हिशेब लागत नाही. बाफले सकाळी उकडून ठेवायचे आणि पाहुणे येतील तसतसे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे. दहा जण वाढले तरी चूल विझलेली नसते. बाटी आणि बाफल्यात फरक तो या उकडण्याचाच.

गॅसवर नक्की जमतील. गव्हाचं पीठ जाडसर, लाडवासारखं रवाळ दळून घ्या. चार वाट्यांना एक वाटी मक्याचं पीठ, ओवा, हळद, मीठ, चिमूटभर सोडा, दोन चमचे दही आणि पिठाची मूठ वळेल इतकं तुपाचं मोहन. घट्ट मळून मोठ्या लिंबाएवढे गोळे करा आणि खळखळत्या पाण्यात सोडा. वर तरंगले तरी लगेच काढू नका, पंधरा-वीस मिनिटं शिजू द्या. मग कापडावर पसरून पूर्ण कोरडे करा. घाई केलीत तर भाजताना वरून करपतात आणि आत चिकट राहतात. गॅस तंदूर असेल तर मंद आचेवर फिरवत भाजा, ओव्हन असेल तर २०० अंशांवर अर्धा-पाऊण तास. अंगाला तडे गेले की झालं. तसेच गरम तुपात बुडवा. वाढताना हाताने कुस्करून वर तुरीची पातळ डाळ, बाजूला लसणाची चटणी. दोन-तीन बाफले मागे ठेवा. त्यांचा चुरा करून गूळ-तुपात लाडू वळता येतात. आणि सूनबाई चौथा बाफला वाढायला आल्या तर ताटावर हात आडवा धरून भागणार नाही, ताट उचलूनच पळावं लागेल.