रक्त वाढते तेव्हा

आपल्याकडे चिंता असते ती रक्त कमी असल्याची. अहवालात हिमोग्लोबिन जास्त दिसले की घरचे समाधान मानतात. ‘पॉलिसायथेमिया व्हेरा’ हा रक्ताचा दुर्मिळ, संथ कर्करोग त्या समाधानामागेच दडतो. अस्थिमज्जा तांबड्या पेशी अनावर निर्माण करते, रक्त दाट होते, आणि गुठळी होऊन पक्षाघातही संभवतो. डोके जड होते, प्लीहा वाढल्याने थोड्या घासांतच पोट भरते. चेहऱ्यावरची लाली पुस्तकांत ठळक असते. सावळ्या वर्णावर ती सहसा लपते. स्नानानंतर पुरळ नसताना सुटणारी खाज मात्र रुग्ण आपणहून सांगत नाही, साबण बदलत राहतो. म्हणून ती विचारावीच लागते. २००५ साली उमगलेला ‘जॅक-२’ जनुकातील बदल बहुतेक रुग्णांत रक्ततपासणीतच सापडतो. मग ठरावीक काळाने शिरेतून रक्त काढून हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांखाली ठेवतात.